थिरकवाँचा हात : तीन विधाने आणि त्यांचे पुरावे

तबल्यावर जीव असलेली चार माणसे जमली आणि अहमदजान थिरकवाँ यांचे नाव निघाले की तीन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले : ‘बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या लावा, खाली थिरकवाँच वाजतात.’ दुसरे : ‘उमेदीची वर्षे नाटक कंपनीत लग्ग्या वाजवण्यात गेली, नाहीतर हा माणूस कुठल्या कुठे पोचला असता.’ तिसरे : ‘वाजवावे थिरकवाँनी, पण शिकवावे अमीर हुसेन खाँनी, महाराष्ट्रात तबला पसरला तो अमीर हुसेनांमुळे.’ तिन्ही विधानांचे कट्टर समर्थक आहेत आणि तितकेच कट्टर विरोधकही. ज्यांनी खाँसाहेबांना समोर बसून ऐकले, असे लोक आता फार थोडे उरले आहेत. त्यामुळे हा वाद यापुढे आठवणींच्या जोरावर चालणार नाही. जे टिकून आहे त्याच्या आधारावरच तो चालवावा लागेल.

टिकून काय आहे? तबकड्या, त्यांची लेबले, नाटकांच्या पहिल्या प्रयोगांच्या तारखा, मंडळींची आत्मचरित्रे, पुरस्कारांच्या याद्या, शिष्यपरंपरेच्या नोंदी आणि उतारवयातली दीर्घ ध्वनिमुद्रणे. ही सामग्री थोडी असली तरी ती नीट वाचली तर तिन्ही विधानांपैकी एकही जसेच्या तसे उभे राहत नाही आणि एकही पूर्णपणे पडत नाही.

हे काम खान्देशात बसून करण्याला कारण आहे. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांचे लहानपणीचे काही दिवस जळगावात गेले. गाण्याची पहिली तालीम त्यांना याच गावात मेहबूब खाँ यांच्याकडून मिळाली. जळगावचे खुले नाट्यगृह त्यांच्याच नावाचे आहे. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानाचा बालगंधर्व संगीत महोत्सव जळगावात भरतो, त्यामुळे त्यांचे नाव गावाच्या कानावरून कधी गेलेच नाही. आणि जळगावहून धुळ्याला गेले की आपण इतिहासाचार्य राजवाड्यांच्या गावात येतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदाचा आधार नसलेल्या गोष्टीला इतिहासात जागा नाही, हा त्यांचा आग्रह. तो आपण पेशवाईच्या कागदांना लावतो. नाटकाला आणि तबल्याला मात्र लावत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी सनावळी. थिरकवाँ मुरादाबादचे. जन्मसाल बहुतेक ठिकाणी १८९२ दिले जाते, काही ठिकाणी त्याच्या दहा-बारा वर्षे आधीचे. घराणे संगीतकारांचे, वडील सारंगीवादक. लहानपणी गाणे आणि सारंगी या दोन्हींची ओळख झाली, पण मुनीर खाँ यांचा तबला ऐकला आणि त्यांनी मुनीर खाँचा गंडा बांधला. मुनीर खाँ मेरठजवळच्या लालियाना गावचे, पण त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई. ‘थिरकवाँ’ हे नाव मुनीर खाँच्या वडिलांनी दिले, पोराची बोटे तबल्यावर थिरकतात असे ते म्हणाले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती परंपरेने आलेली गोष्ट आहे आणि तशीच सांगितली पाहिजे. पुढचे टप्पे मात्र पक्के आहेत : मुंबईतली तालीम, गंधर्व नाटक मंडळीतली नोकरी, तिशीच्या दशकात रामपूर दरबार, मग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन. १९५३-५४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण आणि १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौत निधन.

या सनावळीतून जळगावकरांच्या एका आवडत्या समजुतीला लगेच उत्तर मिळते. बालगंधर्व जळगावचे, थिरकवाँ बालगंधर्वांचे, म्हणून थिरकवाँही थोडे आपलेच, असे बोलले जाते. पण नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत गेले १९०५ साली. जळगावची तालीम त्याच्याही आधीची. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ ची. जळगावात मेहबूब खाँसमोर बसलेला मुलगा आणि ज्यांच्या पदाखाली थिरकवाँचा ठेका चाले ते बालगंधर्व, यांच्यामध्ये निदान आठ-दहा वर्षे आहेत, बहुधा त्याहून जास्त. जळगावचे देणे गायकाचे आहे. तबलजीशी ते जोडता येत नाही. ते देणे लहान आहे असे मला मुळीच वाटत नाही.

आता पहिले विधान, तबकड्यांचे.

बालगंधर्वांची एक जुनी तबकडी हातात घ्या. मध्यभागी गोल लेबल : कंपनीचे चिन्ह, गायकाचे नाव, पदाचे पहिले शब्द, नाटकाचे नाव, क्वचित राग आणि ताल. खाली विक्रीचा क्रमांक. लेबलाच्या कडेला, जिथे रेघा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात, तिरपे धरून पाहिले तर आणखी काही अंक कोरलेले दिसतात. तो ध्वनिमुद्रणाचा मूळ क्रमांक. त्यावरून कंपनीच्या नोंदींशी ताडून मुद्रणाचा काळ ठरवता येतो. एवढी माहिती त्या काळ्या चकतीवर आहे. साथीदाराचे नाव मात्र बहुतेक लेबलांवर नाही. तबला कोणी वाजवला, सारंगी कोणाची, ऑर्गन कोणाचा, हे छापण्याची रीतच नव्हती. नाव विकले जाई ते गायकाचे.

म्हणजे ‘खाली थिरकवाँच आहेत’ हे म्हणणारा कानाच्या भरवशावर बोलतो. कानाचा पुरावा मी हलका मानत नाही. ज्याने आयुष्यभर तबला ऐकला, त्याला एका मुखड्यावरून घराणे कळते. पण तबकडीतून तबला किती ऐकू येतो, हे त्याआधी विचारायला हवे. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यातून घेतलेल्या आहेत. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गायचे आणि आवाजाच्या जोराने सुई हलायची. या यंत्रात मधल्या पट्टीचा गळा चांगला उतरे. डग्ग्याचा घुमारा आणि चाटीवरच्या बारीक बोलाची धार, दोन्ही जवळजवळ बाहेरच राहत. अमेरिकेतल्या त्या काळच्या जॅझ तबकड्यांचे हेच दुखणे होते. मोठ्या ढोलाचा धक्का सुईला झेपत नसल्याने तिथले ड्रमर अनेकदा लाकडी ठोकळ्यांवर आणि थाळ्यांवर भागवत. विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण सुरू झाले ते तिकडे १९२५ मध्ये आणि आपल्याकडे विशीच्या दशकाच्या अखेरीस. म्हणून बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्या लावून ‘ऐका हात’ म्हणणे निरर्थक आहे; तिथे हात आलेलाच नाही. नंतरच्या, विजेवर घेतलेल्या तबकड्यांत तबला स्पष्ट आहे. वाद घालायचा तर त्यांच्यावर घालावा, आणि तोही त्या-त्या तबकडीचा क्रमांक सांगून.

याच जागी परदेशातले एक उदाहरण उपयोगी पडते, कारण तिथेही प्रश्न एका वादकाच्या हाताचाच होता. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार चांगला की सामान्य, यावर त्यांचे चाहते साठ वर्षे भांडत आहेत. रिंगोच्या विरोधात सर्वांत जास्त फिरणारा दाखला म्हणजे जॉन लेनन यांच्या तोंडी घातलेला एक बोचरा शेरा : रिंगो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता, अशा अर्थाचा. संशोधकांनी तो शोधला तेव्हा लेनन यांच्या एकाही मुलाखतीत तो सापडला नाही. तो आढळतो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांत, आणि लेनन यांची हत्या झाली ८ डिसेंबर १९८० रोजी. मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेले वाक्य कित्येक वर्षे पुरावा म्हणून चालले. उलट बाजूला पक्का पुरावाही आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ‘लव्ह मी डू’ हे गाणे रिंगोच्या ड्रमवर मुद्रित झाले. निर्माता जॉर्ज मार्टिन यांचे समाधान झाले नाही, आणि ११ सप्टेंबरला तेच गाणे अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकाला बसवून पुन्हा घेतले गेले. रिंगोच्या हाती टॅम्बुरीन दिली गेली. त्यामुळे टॅम्बुरीन ऐकू येते ते मुद्रण व्हाइटचे, येत नाही ते रिंगोचे. एका छोट्या खुणेवरून वादक ओळखता येतो, कारण मुद्रणाच्या तारखा आणि नोंदी जपून ठेवल्या गेल्या. आपल्याकडे तबकड्या आहेत, पण त्या दिवशी डग्ग्यावर कोणाचा तळवा होता हे लिहून ठेवायचे कोणाच्या मनातच आले नाही.

थिरकवाँच्या स्वतःच्या नावाने निघालेल्या स्वतंत्र वादनाच्या तबकड्या आहेत, तिथे तरी शंकेला जागा नाही. पण त्यांचीही मर्यादा गणितात मांडून पाहावी. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची, म्हणजे १९५ सेकंद. तीनतालाच्या सोळा मात्रा, प्रत्येक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर एक आवर्तन आठ सेकंदांचे. सगळ्या बाजूत मिळून चोवीस आवर्तने. पेशकाराच्या संथ लयीत मात्रा एका सेकंदाची झाली तर बाराच. आणि पेशकार म्हणजे स्वतंत्र वादनाचा पाया. एकेक बोल उलगडत, खाली-भरीचा तोल दाखवत तो पंधरा मिनिटे चालला तर कुठे वाजवणाऱ्याचा विचार कळू लागतो. बारा आवर्तनांत तो दाखवणे कोणालाही शक्य नाही. म्हणून त्या तबकडीवर कायद्याची चुणूक, रेल्याची धार, एखादी गत एवढेच येते. ती ऐकून ‘थिरकवाँ म्हणजे तयारी’ म्हणणारे आणि ‘एवढेच?’ म्हणणारे, दोघेही यंत्राच्या मर्यादेला वादकाची मर्यादा समजतात.

खरा पुरावा आहे तो उतारवयातल्या दीर्घ मुद्रणांचा : आकाशवाणीने घेतलेली, लाँग प्ले तबकडीवर आलेली. साठीच्या किंवा सत्तरीच्या पलीकडचा माणूस वाजवतो आहे. वेगाच्या बाबतीत त्याच्या पुढे जाणारे त्या वेळीही होते. पण बोल ऐका. तर्जनीने चाटीवर मारलेला ‘ना’ पहिल्या आवर्तनात जसा, तसाच विसाव्यात. दिल्लीचे बंद, दोन बोटांचे बोल चालू असताना मैदानावरचा खुला पूरबी बोल येतो आणि जोड दिसत नाही. लय दुप्पट होते तेव्हा आवाज चढत नाही. बोल दाटतात, पण एकही गिळला जात नाही. मधूनच खाँसाहेब बोल तोंडाने म्हणतात, आणि मग कळते की हाताच्या आधी ही सगळी रचना जिभेवर बसलेली आहे. कौशल्याचा वाद माझ्या मते या मुद्रणांपाशी संपतो. ज्याला अजून शंका आहे त्याने वीस मिनिटे काढून एक पेशकार सलग ऐकावा.

दुसरे विधान नाटकाचे. इथे सामग्री जास्त आहे आणि गैरसमजही.

आधी किर्लोस्करी नाटकातला तबला काय करत होता ते पाहावे. साकी, दिंडी, कामदा अशा चालींची भरपूर पदे, कथा पुढे नेणारी, कीर्तनाच्या जवळची. त्यांना ठेक्याचा आधार पुरे. मग १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १० डिसेंबर १९१६ रोजी ‘स्वयंवर’ आले, आणि त्याला चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी, जे स्वतः ख्यालगायक. नाट्यपद तेव्हापासून बंदिशीसारखे उभे राहू लागले : मुखडा, अंतरा, आलाप, ताना आणि शेवटी लय चढवून लग्गी. बालगंधर्वांच्या गळ्यात ते पद ‘वन्समोअर’च्या गजरात दहा-पंधरा मिनिटे रंगे. अशा पदाखाली नुसता ठेका धरणारा तबलजी चालणारच नव्हता. ख्यालाची साथ करू शकणारा, गायक तालात लपंडाव खेळू लागला तर समेवर उभा राहणारा माणूस हवा होता. मंडळीने सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवाँ घेतले, त्यामागे ही गरज होती. बालगंधर्वांच्या उधळेपणाच्या कथा खूप सांगितल्या जातात. पण साथीवरचा हा खर्च उधळेपणात मोडत नाही, तो गाण्याच्या बदललेल्या बांध्याचा हिशेब होता.

जाणकार ‘नाटकातला तबला’ म्हणून नाक मुरडतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र असते : केरवा-दादरा, टाळ्यांसाठी लग्गी, बस्स. पण ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘द्रौपदी’ या नाटकांच्या पदांचे राग-ताल पुस्तकांत छापलेले आहेत. ते चाळले तर त्रिताल, एकताल, झपताल पानोपानी दिसतात. आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. एका रात्रीत वेगवेगळ्या लयींची इतकी पदे, प्रत्येक रात्री गायकाचा वेगळा मूड, समोर शेकडो माणसे आणि आवाज पोचवायला ध्वनिवर्धक नाही. रंगमंचासमोरच्या जागेत बसून, मान वर करून, गायकाच्या श्वासावर नजर ठेवत हे वर्षानुवर्षे करायचे. थिरकवाँच्या हातातली ती स्वच्छता, प्रत्येक बोल मागच्या रांगेपर्यंत सुटा पोचवण्याची सवय, नाटकगृहात पक्की झाली असे माझे मत आहे. हे अनुमान आहे, पण ते उतारवयातल्या मुद्रणांशी जुळते. ‘नाटकाने वाया घालवले’ हे विधान त्यांच्याशी जुळत नाही.

नाटकाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती खान्देशसारख्या मुलखाच्या दृष्टीने सर्वांत मोठी. दरबारी तबला दरबारात ऐकायला मिळे. आपल्याकडे रामपूर नव्हते, इंदूर-बडोद्यासारखा आश्रयदाता राजाही नव्हता. इथे कापूस होता, गिरण्या होत्या आणि रेल्वे होती. भुसावळ-जळगावची मुख्य वाट, चाळीसगावहून धुळ्याला जाणारा १९०० सालचा फाटा : नाटक कंपन्या पडदे, पेट्या, बिऱ्हाडे घेऊन याच रुळांवरून फिरत. आठ आण्यांचे तिकीट काढणाऱ्या वकिलाला, मास्तरला, जिनातल्या कारकुनाला अव्वल दर्जाची साथ काय असते हे कळण्याचा मार्ग नाटकातूनच जात होता. आपल्या भागात सामान्य प्रेक्षकही समेवर मान हलवतो. ही सवय त्याला दरबाराने लावली नाही, नाटकगृहाने लावली.

आत्मचरित्रांविषयी एक सावधगिरी. गंधर्व मंडळीचे तीन मालक : बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस. टेंब्यांचा ‘माझा संगीतव्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’, बोडसांची ‘माझी भूमिका’ ही पुस्तके या काळासाठी अमोल आहेत. पण टेंबे १९१५ च्या सुमारास मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. बोडसही पुढे वेगळे झाले. वेगळ्या झालेल्या भागीदाराची साक्ष पैशाच्या आणि मानापमानाच्या बाबतीत जपून घ्यावी. नंतरच्या वर्षांच्या प्रयोगांबाबत तर तो आतला साक्षीदारच राहत नाही. थिरकवाँचा बहराचा काळ त्या नंतरच्या वर्षांतला. तेव्हा एखादा किस्सा ‘टेंब्यांनी लिहिला आहे’ म्हणून कोणी सांगितला, तर पुस्तक उघडून तो तिथे आहे का, आणि कोणत्या सालचा आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘नाटकामुळे मान उशिरा मिळाला’ याचे उत्तर पुरस्कारांच्या यादीत आहे. संगीत नाटक अकादमीने हिंदुस्थानी वाद्यसंगीतासाठी पहिला सन्मान अल्लाउद्दीन खाँना दिला, दुसरा हाफिज अली खाँना. तिसरा, १९५३-५४ चा, अहमदजान थिरकवाँना. सरोद-सितार-सनईच्या लांब रांगेत तालवाद्य तिसऱ्याच वर्षी आले. बिस्मिल्ला खाँ त्यांच्यानंतर, १९५६ ला. स्वतंत्र देशाने संगीताची पहिली मोजदाद केली तेव्हा थिरकवाँ थेट अग्रभागी होते. ज्याची वर्षे वाया गेली त्या माणसाची ही जागा नव्हे.

आणि याच यादीतले चौथे नाव खान्देशाने छातीशी धरावे असे आहे : १९५५, गोविंदराव बुऱ्हाणपूरकर, पखवाज. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, भुसावळहून खंडव्याच्या वाटेवर. पण ते फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी होते आणि तापीकाठची बोली, सोयरिकी, बाजार आजही सीमा मानत नाहीत. गोविंदराव नाना पानसे यांच्या परंपरेतले. लागोपाठ दोन वर्षे तालवाद्याचा सन्मान झाला, एक मुरादाबादच्या तबल्याचा, एक बुऱ्हाणपूरच्या पखवाजाचा. थिरकवाँवर तासभर भांडणारे आपल्याकडचे किती रसिक गोविंदरावांचे नाव घेतात? मला ही उणीव टोचते. वादात ज्याचे नाव येत नाही त्याचे कागद कोणी शोधत नाही आणि कागद नाहीत म्हणून पुढे नाव येत नाही.

तिसरे विधान प्रभावाचे, आणि इथे मला अमीर हुसेन खाँच्या बाजूच्या लोकांना निम्मे मान्य करायचे आहे.

अमीर हुसेन खाँ (१८९९-१९६९) मुनीर खाँचे भाचे आणि शिष्य, म्हणजे थिरकवाँचे गुरुबंधू. थिरकवाँ रामपूरला, मग लखनौला गेले. अमीर हुसेन मुंबईत राहिले आणि शिकवत राहिले. पंढरीनाथ नागेशकर, निखिल घोष, अरविंद मुळगावकर ही नावे त्यांच्या शिष्यांत आहेत. मुळगावकरांचा ‘तबला’ हा १९७५ चा ग्रंथ मराठी विद्यार्थ्यांनी इतकी वर्षे हाताशी ठेवला. त्यातून अमीर हुसेनांची विद्या अशा गावांत पोचली जिथे ते स्वतः कधी गेले नसतील. जळगाव किंवा धुळ्यात विशारदच्या परीक्षेसाठी रचना पाठ करणारा मुलगा आज ज्या धाग्याला धरून आहे तो बहुधा तोच. शिष्यांची आणि छापील पानांची मोजणी केली तर अमीर हुसेन पुढे आहेत. इथपर्यंत तिसरे विधान खरे.

पण मोजणी तबलजींपुरतीच केली जाते, आणि चूक तिथे होते. थिरकवाँच्या शिष्यांत पुण्याचे लालजी गोखले आहेत, भाई गायतोंडे आहेत. आणि एक नाव असे आहे की ज्याला लोक तबल्याच्या खात्यावर मांडतच नाहीत : जगन्नाथबुवा पुरोहित, ‘गुणीदास’. आग्रा घराण्याचे हे गवई थिरकवाँकडे तबला शिकले होते. त्यांच्याकडून तालीम घेतलेल्यांत राम मराठे, माणिक वर्मा, सी. आर. व्यास, जितेंद्र अभिषेकी. राम मराठ्यांची लयकारी ज्यांनी ऐकली त्यांना हे गाणे तबल्याशी किती मैत्रीने बोलते ते सांगायला नको. अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ला आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ला संगीत दिले, आणि नाट्यपदाला नवे आयुष्य मिळाले. गंधर्व मंडळीच्या साथीदाराचा तालविचार एका गवयाच्या तालमीतून फिरून पुन्हा मराठी रंगभूमीवरच आला, असे मी म्हणतो. एखाद्या पदाच्या मात्रा मोजून हे सिद्ध होणार नाही, पण गुरु-शिष्यांचा क्रम कागदोपत्री आहे आणि तो याच दिशेने जातो. निखिल घोष यांनी तर थिरकवाँ आणि अमीर हुसेन या दोघांकडेही शिकून, १९५६ साली मुंबईत संगीत महाभारती ही संस्था काढली. शिष्याने जे वेगळे मानले नाही त्यावर श्रोत्यांनी दोन तट पाडू नयेत.

साठच्या दशकापासून जगाला तबला माहीत झाला तो मात्र दुसऱ्याच हातांनी. अल्लारखाँ पंजाब घराण्याचे, ते रविशंकरांबरोबर १९६७ ला माँटेरीला आणि १९६९ ला वुडस्टॉकला वाजवून आले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या जलशात तर त्यांचा तबला आणि रिंगो स्टारचा ड्रम एकाच दिवशी एकाच मंचावर वाजला. ग्रेटफुल डेडचे मिकी हार्ट त्यांच्याकडे शिकले, पुढे झाकिर हुसेन यांनी त्यांच्याबरोबर काम केले. थिरकवाँ त्या वाटेला गेले नाहीत. म्हणून परदेशी श्रोत्यांच्या वादात त्यांचे नाव कमी येते, एवढाच त्याचा अर्थ.

माझा निवाडा असा. पहिले विधान तबकडीगणिक तपासावे लागेल. सुरुवातीच्या तबकड्यांबाबत ते टाकून द्यावे. दुसरे चुकीचे आहे : नाटकाने थिरकवाँना घडवले आणि त्यांनी महाराष्ट्राचा कान घडवला. तिसरे तबलजींच्या बाबतीत बरोबर, गवयांच्या बाबतीत अपुरे.

आणि खान्देशातल्या वाचकांना एक विनंती. राजवाडे घरोघर हिंडून, वाण्याच्या पुड्यांत चाललेली दप्तरे सोडवून आणत. आपल्या माळ्यावर, पणजोबांच्या ट्रंकेत नाटकाची हस्तपत्रके, जलशाच्या जाहिराती, फुटक्या-तुटक्या तबकड्या, तबल्याच्या बोलांच्या वह्या असतील. रद्दीत घालण्याआधी त्यांच्यावरचे गाव, तारीख, नाटक आणि साथीदारांची नावे लिहून घ्या. तबकडीच्या लेबलावरचा आणि रेघांच्या आतला, असे दोन्ही क्रमांक उतरवा. कागद ज्या घरातून आला त्या घराची नोंद ठेवा. आणि ते धुळ्याच्या राजवाडे मंडळासारख्या, कागद सांभाळण्याची रीत असलेल्या ठिकाणी नेऊन द्या. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव यांपैकी कुठल्याही गावच्या एका प्रयोगाचे तारखेसह आणि साथीदारांच्या नावांसह हस्तपत्रक मिळाले, तरी या वादातल्या कितीतरी किश्शांपेक्षा त्याचे वजन जास्त असेल.